जिवंत उदाहरण

नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंना मुली तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे कुलूपबाई. रात्री नऊ वाजले की फाटकाला कुलूप, मग बाहेर राहिलेली मुलगी खुद्द प्राचार्यांची पुतणी का असेना. किल्ली बाईंच्या कमरेला. पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. निदान त्यात काही खोटं नव्हतं. खोट्याचा त्यांना लहानपणापासून तिटकारा. कुणी गोडगोड बोलायला लागलं की बाईंच्या कपाळावर आधी आठी पडायची आणि मग कान उघडायचे.

फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. याच होस्टेलवर त्या कधीकाळी विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या. पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षीची सरकारी शिष्यवृत्ती आली ती परीक्षा होऊन गेल्यावर, आणि तोवर मेसचं थकलं म्हणून नाव कमी झालेलं. घरी कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून तेव्हाच्या रेक्टरच्या हाताखाली लागल्या, आणि लागल्या त्या लागल्याच. "नर्स व्हायचं राहिलं, नर्सांना कोंडायचं काम मिळालं," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मात्र खपायचं नाही.

ही गोष्ट घडली त्या वर्षी विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तोंडावर बातमी आली, की ही शिष्यवृत्ती सरकार गुंडाळणार. निम्म्याहून जास्त होस्टेल त्या मदतीवर उभं होतं. फी त्यातूनच भरली जायची, मेसही त्यातूनच. मुलींचे चेहरे उतरले. प्राचार्यांनी आमदारांना भेटायला शिष्टमंडळ न्यायचं ठरवलं आणि बाईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. पण बोलण्याआधी घसा खाकरायचा आणि बोलून झाल्यावरही खाकरायचा, त्यामुळे मधलं बोलणं खरं की खाकरणं खरं, असा प्रश्न पडायचा.

"बाई, आमदारांना आकडे कळत नाहीत," ते म्हणाले. "आकडे पुढे केले की ते घड्याळ बघतात. माणूस समोर उभा केला की विरघळतात. आपल्याला एक जिवंत उदाहरण हवं."

"म्हणजे काय हवं?"

"एखादी मुलगी. गरीब, पण हुशार. दिसायला बरी, पण फार बरी नको. बोलणारी हवी, पण फार बोलणारी नको. तुम्हाला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं, तुम्हीच निवडा."

"सर, शिष्यवृत्ती मागायला जायचंय की स्थळ बघायला?"

प्राचार्य खाकरले. बाईंनी मुलगी निवडली.

निवडली ती दुसऱ्या वर्षाची भोंगा. हे अर्थातच तिचं नाव नव्हतं. तिचे वडील बॉयलर दुरुस्तीच्या कारखान्यात काम करून करून बहिरे झालेले, त्यामुळे घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय. ही पोरगी कानात सांगायची गोष्टही चार खोल्या पलीकडे पोचवायची. आई दवाखान्यात फरशा पुसायची. भोंगाला वॉर्डमध्ये पाठवलं की म्हातारे रुग्ण खूश, कारण तिचं बोलणं त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू यायचं. इंजेक्शन देताना ती इतक्या मोठ्यानं विनोद करायची की सुई कधी टोचली ते कळायचं नाही. बाईंनी मनाशी हिशेब केला. ही खणखणीत बोलेल, रडणार नाही, आणि समोरच्याला ऐकू न आल्याचं सोंग घेता येणार नाही. तो हिशेब पुढे चांगलाच चुकला.

जायच्या दिवशी सकाळी भोंगा फाटकाशी येऊन उभी राहिली ती पिवळाधमक, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून. तिच्याकडे चांगला म्हणावा असा तेवढा एकच होता. केस चापूनचोपून बांधलेले, पायात पॉलिश केलेले बूट. प्राचार्यांनी गाडीतून उतरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"बाई, ही तर चांगली खात्यापित्या घरची वाटतेय! साधं काहीतरी घालायला सांगा. जरा जुनं."

"माझ्याकडे जुनं नाहीये सर," भोंगा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. रस्त्यापलीकडचा सायकलवाला वळून बघायला लागला. "दोन युनिफॉर्म आहेत आणि हा आहे. जुना झाला की आई त्याची फरशीची फडकी करते."

आता आली पंचाईत. सबंध होस्टेलमध्ये विटका, उसवलेला कपडा शोधायची वेळ आली. शेवटी सापडला तो एका डॉक्टरच्या मुलीकडे. ती तो झोपताना घालायची. बाईंना त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं समोर असून कळली नव्हती. गरिबाकडे एकच कपडा असतो आणि तो त्याला जिवापाड जपतो. फाटकं अंगात घालायची चैन पैसेवाल्यालाच परवडते. गरीब दिसण्यासाठी गरिबाच्या पोरीला श्रीमंताच्या पोरीचा कपडा उसना घ्यावा लागला. बाईंनी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्याशी पिन लावली, कारण तो ड्रेस तिला ढगळ होत होता. काम होतंय ना, मग चार घटका सोंग केलं तर काय बिघडलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"आणि हळू बोलायचं," प्राचार्य गाडीत म्हणाले. "मान खाली. विचारलं तेवढंच. हसायचं तर अजिबात नाही."

"मग मला कशाला नेताय सर? फोटो न्यायचा."

पहिल्या आमदारांच्या घरी शिष्टमंडळाला व्यायामाच्या खोलीत बोलावलं गेलं. आमदार चालण्याच्या यंत्रावर चालत होते. चालतच राहिले. प्राचार्यांनी भोंगाला पुढे केलं. वडिलांचे कान गेले, आई फरशा पुसते, एवढं ती हळू आवाजात कसंबसं म्हणाली, तोच आमदारांचे डोळे चमकले.

"तुझे वडील बहिरे? माझे वडील तर मी लहान असतानाच गेले! तुला होस्टेल तरी आहे. मी दुकानाच्या पायरीवर झोपायचो. एक वही वर्षभर पुरवायचो, आधी पेन्सिलीनं, मग त्याच्यावरच पेनानं. आम्हा दोघा भावांत एक चपलांचा जोड!"

भोंगानं आईचं आजारपण सांगितलं, तर आमदारांनी आईचं मरण काढलं. भोंगा एक पायरी खाली उतरली की आमदार चार पायऱ्या उतरायचे. गरिबीची शर्यत लागली आणि ती अर्थातच आमदारांनी जिंकली, घाम पुसत. यंत्र थांबलं. "मी कुणाकडे हात पसरला नाही," ते म्हणाले. "आजकालच्या मुलांना सगळं आयतं हवं असतं. या आता."

बाहेर आल्यावर भोंगानं विचारलं, "मावशी, एका जोडात दोघं भाऊ? म्हणजे दोघांनी एकेक पाय घालून लंगडी घालत जायचं का शाळेत?" बाईंना हसू आलं, पण घशाशी येऊन कडू झालं. स्वतः वर चढून शिडी ओढून घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. शिडी कधी नव्हतीच, असं सांगणारा पहिल्यांदाच पाहिला.

दुसरे आमदार विधिमंडळाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये भेटले. भेटले म्हणजे काय, ते पुढे आणि शिष्टमंडळ मागे, सगळी धावाधाव. कानाला फोन, "हं, हं" चाललेलं, ते फोनला की प्राचार्यांना कुणास ठाऊक. ते स्वच्छतागृहात शिरले. प्राचार्य दारात उभे राहून आतल्या दिशेनं शिष्यवृत्तीचं महत्त्व सांगत राहिले. आमदार हात धुऊन बाहेर आले, टॉवेल नव्हता. समोर प्राचार्यांच्या हातात सगळ्या मुलींच्या सह्यांचं निवेदन होतं. त्यांनी ते घेतलं, त्याला नीट दोन्ही हात पुसले, परत प्राचार्यांच्या हातात दिलं आणि "बघू" म्हणून चालते झाले.

प्राचार्यांनी तो ओला कागद झटकला. "निदान हातात घेतलं तरी," ते म्हणाले आणि खाकरले.

बाईंना शिसारी आली. आमदाराची आली तेवढीच प्राचार्यांचीही आली. मुलींनी रात्री जेवणाच्या टेबलाशी रांग लावून त्या सह्या केल्या होत्या. शाई पसरून आता कुणाचंच नाव धड वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या होत्या ताईसाहेब. यांच्याबद्दल प्राचार्यांना मोठी आशा. "मायेच्या आहेत," ते म्हणाले. त्यांच्या कार्यालयात गेल्या गेल्या पाणी मिळालं, बसायला मऊ खुर्च्या मिळाल्या, पंखा लागला. ताईसाहेबांनी भोंगाला शेजारी बसवून घेतलं, तिचा हात हातात घेतला आणि "बोल बाळ" म्हणाल्या. भोंगानं तोंड उघडायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. अत्तराचा असा घमघमाट, की बाईंना शिंक आली. ताईसाहेबांचे पीए समोर मोबाइल धरून उभे.

"ताई, जरा इकडे वळून," ते म्हणाले. "खिडकीकडे. हां. आता परत एकदा डोळे पुसा."

ताईसाहेबांनी परत एकदा डोळे पुसले. मग भोंगाला घट्ट मिठी मारली आणि मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "ही पोर आजपासून माझी लेक! हिच्या शिक्षणाचा सगळा खर्च मी उचलला. कुठल्याही योजनेची वाट बघायला नको!"

पीएंनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी वाजवल्या. भोंगा मिठीत अडकलेली, तिचं नाक ताईसाहेबांच्या खांद्यात रुतलेलं. तशातच ती बोलली, आणि आता तिचा खरा आवाज लागला. "आणि बाकीच्या मुलींचं?"

मोबाइल खाली झाला. "एवढं पुरे," पीए म्हणाले.

परतीच्या वाटेवर प्राचार्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. "एका मुलीचं तरी झालं! बघितलंत, जिवंत उदाहरणाची ताकद?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना सगळा घोळ लख्ख दिसायला लागला होता. एकच मुलगी दाखवायला नेली होती, तर त्यांनी एकच मुलगी सोडवली, तीही मोबाइलमध्ये. मागायला गेलो होतो कायदा, आणि पदरात पडली मिठी. चूक त्यांची नव्हती. चूक ती मुलगी निवडणाऱ्या बाईची होती, गळ्याशी पिन लावणाऱ्या बाईची.

होस्टेलवर आल्यावर भोंगानं डोक्यावरून आंघोळ केली, साबण घासघासून. ओल्या केसांनी ती बाईंच्या दारात आली आणि मनगट पुढे केलं. "मावशी, हुंगून बघा. गेली का ती बाई?"

"नाही गेली," बाई म्हणाल्या. "आणखी एकदा धू."

पुढे निवडणूक जवळ आली आणि सरकारनं शिष्यवृत्ती गुंडाळायचा बेत गुपचूप गुंडाळला. मुलींच्या निवेदनामुळे नव्हे. त्याला तर हात पुसले होते. मदत आली. ज्या मुलींची नावं लागायची त्या सगळ्यांची लागली. एक सोडून.

बाई भोंगाला घेऊन शिष्यवृत्तीच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या कारकुनानं आधी नियम सांगितला, की दुसरीकडून मदत मिळत असेल त्याला ही मदत नाही. मग स्वतःचा मोबाइल काढून त्यावर ताईसाहेबांची मिठी लावून दाखवली. "ही तुम्हीच ना? मी घरी सगळ्यांना दाखवलं. छान आलंय."

"पण त्यांनी काहीच भरलं नाही!" भोंगा म्हणाली. रांग दचकली.

"मग त्यांना तसं म्हणू द्या. त्यांनी म्हटलं की दिलं, म्हणून मी नाव काढलं. त्या म्हणाल्या की नाही दिलं, की परत घालतो. माझं काय जातंय?"

माणूस बोलला ते खरंच होतं, आणि म्हणूनच बाईंच्या अंगाची लाही झाली. मिळाल्याचा पुरावा सगळे मागतात. न मिळाल्याचा पुरावा आणायचा कुठून? बाईंनी ताईसाहेबांच्या कार्यालयात खेटे घालायला सुरुवात केली. ताई दौऱ्यावर. ताई बैठकीत. प्रक्रिया चालू आहे. ताईंना ताप आहे. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत झाली. आता तिथे पाणीही मिळेना, पंखाही लागेना. बाई दर वेळी एकच सांगायच्या. पैसे नकोत, नुसतं 'दिले नाहीत' एवढं म्हणा. पीए कानावर हात ठेवायचे. "असं कसं म्हणतील ताई? तुम्हीच विचार करा."

तिसऱ्या वर्षाची फी भरायची मुदत संपली आणि भोंगाचं नाव कमी झालं. तीच गोष्ट, त्याच फाटकाशी, फक्त मुलगी दुसरी. बाईंनी तिची ट्रंक रिक्षात ठेवायला हात लावला. भोंगानं पिवळा ड्रेस घातला होता. जाताना तिनं नर्सची पांढरी टोपी बाईंच्या हातात दिली. "ही दुकानात काय कामाची? तुमच्याकडे राहू दे. मी येतेय परत." ती बाजारातल्या कापडदुकानात लागली. बाईंनी टोपी खोलीतल्या खिळ्याला अडकवली, किल्लीच्या शेजारी.

आणि मग एक दिवस फोन आला. ताईसाहेबांचे पीए. आवाजात साखर. ताईंच्या कामाच्या वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम आहे, तर ते जिवंत उदाहरण पाठवून द्या. युनिफॉर्ममध्ये, टोपी घालून.

"ती शिकत नाही आता," बाई म्हणाल्या. "दुकानात कापडाचे तागे उलगडते."

पीए हळहळले. "अरेरे. मग दुसरी एखादी पाठवा ना. टोपी घातली की सगळ्या सारख्याच दिसतात. फक्त जरा रडणारी बघा."

बाईंना वाटलं, आत्ता या फोनवरच ओकारी होईल. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पाठवते." कचेरीतल्या कारकुनाचे शब्द त्यांच्या डोक्यात होते. मोबाइलमध्ये नाव गेलं, तर मोबाइलमधूनच परत येईल.

दुसऱ्या कुणाला त्या कशाला पाठवतील? स्वतः गेल्या. भोंगाची टोपी पिशवीत घेतली. सभागृह खच्चून भरलेलं, पडद्यावर ती जुनी मिठी मोठी करून दाखवत होते. भोंगाचा प्रश्न तेवढा कापला होता. "आणि आता व्यासपीठावर येतेय ताईंची लेक!" असा पुकारा झाला आणि पिकल्या केसांच्या कुलूपबाई पायऱ्या चढून वर गेल्या. ताईसाहेब कॅमेऱ्याकडे बघतच हात पसरून पुढे आल्या, आणि बघतच मिठी मारली. "किती मोठी झाली बघा माझी लेक!" त्या म्हणाल्या. मग मागे होऊन त्यांनी पहिल्यांदा तोंड पाहिलं.

सभागृहात हशा पिकायच्या आत बाईंनी माइक धरला. त्यांचा आवाज भोंगाइतका नव्हता, पण त्या दिवशी लागला.

"ताईसाहेब, तुमची लेक मी नाही. ती कापडाच्या दुकानात आहे. ही तिची टोपी. तुम्ही तिचे पैसे भरले नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही भरले म्हणालात म्हणून सरकारनंही भरले नाहीत. मला तुमच्याकडून काही नको. भरले नाहीत, एवढंच इथे एकदा म्हणा. तेवढ्यानं पोर नर्स होईल."

ताईसाहेबांचं हसू जागचं हललं नाही, फक्त डोळे पीएंकडे गेले आणि परत आले. मग त्यांनी रुमाल काढला. डोळ्यांना लावला. खिडकी नव्हती, पण दिवा कुठे आहे ते त्यांना अचूक माहीत होतं.

"बघितलीत ही आईची माया?" त्या माइकमध्ये म्हणाल्या. "यंत्रणेनं माझ्या लेकीवर अन्याय केला, आणि ही माउली तो माझ्यापर्यंत घेऊन आली! मी आज तुमच्या सगळ्यांच्या साक्षीनं शब्द देते. तिचं राहिलेलं सगळं शिक्षण, अगदी शेवटच्या परीक्षेपर्यंत, माझ्याकडे लागलं!"

टाळ्यांनी छत दणाणलं. लोक उभे राहिले. काहींनी डोळे पुसले. ताईसाहेबांनी बाईंना आणखी एक मिठी मारली आणि त्या मिठीत, गालाला गाल लावून, दातांतून म्हणाल्या, "आता उतर खाली." वाद्यं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतला कारकून बाईंना बघून उठूनच उभा राहिला. "अहो, तुम्ही पण आलात की मोबाइलमध्ये! आता तर प्रश्नच मिटला. शेवटपर्यंतचा खर्च म्हणाल्या त्या." त्याला मनापासून आनंद झाला होता. त्याच्यावर ओरडायचीही बाईंना ताकद उरली नाही.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर भोंगाचा फोन आला. ती मोठमोठ्यानं हसत होती, बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मावशी, मिठी कशी वाटली?"

"घामट. आणि अत्तर."

"माझ्या वेळी नुसतंच अत्तर होतं. तुम्हाला जास्तीचं दिलं." ती आणखी हसली. मग हसायची थांबली, आणि इतकं हळू बोलली की बाईंना फोन परत कानाशी आणावा लागला. "टोपी दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."

बाईंनी कार्यक्रमाचे कपडे भिजत घातले होते. ते त्यांनी पुन्हा घासले, पुन्हा पिळले. वास गेला नाही. शेवटी ते त्यांनी फरशी पुसायला लावले.

पुढच्या अधिवेशनाच्या आधी शिष्यवृत्ती बंद व्हायची बातमी पुन्हा उठली, आणि पुन्हा प्राचार्यांनी शिष्टमंडळ ठरवलं. या वेळी बाईंना विचारलंच नाही. मुलगी त्यांनी परस्पर निवडली. पहिल्या वर्षाची, हाडकुळी, डोळे मोठाले. सकाळी ती फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तिनं आदल्या दिवशीच डॉक्टरच्या मुलीकडून तो विटका ड्रेस मागून आणला होता. गळ्याशी पिनही लावली होती. हातातली वही छातीशी धरून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती.

बाहेर प्राचार्यांची गाडी थांबली. बाई खोलीतून आल्या, फाटक ओढलं आणि भर सकाळी, उन्हात, त्याला आतून कुलूप घातलं.

प्राचार्य गाडीतून उतरले. "बाई, हे काय? उशीर होतोय."

"तुम्ही जा सर. तुम्हीच सांगा त्यांना. आमच्याकडे दाखवायला मुली नाहीत."

"अहो, पण उदाहरणाशिवाय..."

"उदाहरण हवं तर मला न्या. मी दोनदा झालेय, एकदा इथलं नाव कमी झालं तेव्हा आणि एकदा त्या व्यासपीठावर."

प्राचार्य खाकरले, पण पुढे बोलणं आलंच नाही. ते गाडीत जाऊन बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. वरच्या खिडक्यांतून मुलींची डोकी बाहेर आली. ती हाडकुळी मुलगी बाईंजवळ आली. रागानं नव्हे, रडतही नव्हे. आपलाच काहीतरी गैरसमज झालाय असं वाटून तिनं विचारलं.

"पण मावशी, गेले असते तर निदान माझी तरी फी भरली असती ना त्यांनी?"

बाईंनी तिच्या गळ्याजवळची पिन काढली. मग तिला खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि आत भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती टोपी दिसतेय? तिचीही भरणार होते."

हॉर्न वाजतच होता. बाईंनी किल्ली कमरेला लावली आणि तिला म्हणाल्या, "जा, युनिफॉर्म घालून ये. वॉर्डला जायची वेळ झाली, मागच्या दारानं सोडते."